राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचे लेखरूप)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, वीस मिनिटं बोल, विषय तुझा तू निवड, फक्त ऑडिटवर बोलू नकोस. तेव्हा मी इतिहासाचा विषय निवडला. तरी ऑडिट मध्ये येणारच आहे, त्याची आधीच माफी मागते. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदवह्या तपासून निवृत्त झालेल्या बाईकडून वेगळी अपेक्षा तरी काय करणार!

सर इथे पहिल्या रांगेत बसलेले आहेत. सर, आठवतं का पाहा. दहावीला आपल्याला एक हमखास प्रश्न होता : 'राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे लिहा.' आपण सगळ्यांनी तो पाठ केला होता. अमेरिका सभासद झाली नाही. निर्णयासाठी एकमत लागत असे. बड्या राष्ट्रांनी स्वार्थ पाहिला. जपान, इटली, जर्मनी आक्रमक झाले. आणि सगळ्यांत आवडता मुद्दा, कारण तो एका ओळीत संपायचा : राष्ट्रसंघाजवळ स्वतःचे सैन्य नव्हते. मी ते उत्तर सहामाहीला लिहिलं, पूर्वपरीक्षेला लिहिलं आणि बोर्डालाही लिहिलं. त्या उत्तरात एकही माणूस नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मागच्या वर्षी मुलाकडे जिनिव्हाला गेले होते. नातवंडाचं करायला गेलेली आजी दुपारी मोकळी असते. मुलगा म्हणाला, आई, तो राष्ट्रसंघाचा महाल बघून ये. 'पॅले दे नासिओं' म्हणतात त्याला. आता तिथे संयुक्त राष्ट्रसंघाचं कार्यालय आहे. प्रवाशांना पासपोर्ट दाखवून आत जाता येतं. आत ग्रंथालयाच्या इमारतीत राष्ट्रसंघाचं दप्तर ठेवलेलं आहे. दप्तर म्हणजे आपण पाठीवर आणायचो ते नव्हे, पेशव्यांचं दप्तर म्हणतो त्या अर्थाने. फळ्या एकापुढे एक लावल्या तर जवळजवळ तीन किलोमीटर होतील एवढे कागद. २००९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतीच्या नोंदपटात घेतलं, आणि २०१७ ते २०२२ या काळात सुमारे दीड कोटी पानांची छायाचित्रं काढून ती संगणकावर सर्वांना खुली केली. मी परत येऊन घरी बसून वाचू लागले. त्यात मला हा माणूस भेटला, ज्याच्याबद्दल आज सांगायचं आहे. त्याचं नाव शॉन लेस्टर.

हा राष्ट्रसंघाचा शेवटचा महासचिव. आपल्या पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. बहुतेक कुठल्याच पुस्तकात नसतं.

लेस्टर आयर्लंडचा. १८८८ मध्ये उत्तरेकडच्या अँट्रिम परगण्यात, प्रोटेस्टंट किराणा दुकानदाराच्या घरी जन्मला. पाळण्यातलं नाव जॉन अर्नेस्ट. त्या भागातले बहुतेक प्रोटेस्टंट ब्रिटिश राजाच्या बाजूचे. हा मात्र तरुणपणी आयरिश भाषेच्या चळवळीत गेला, स्वातंत्र्यवाद्यांत गेला आणि जॉनचा शॉन झाला. काही दिवस रेल्वेत नोकरी केली, मग वर्तमानपत्रात. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर नव्या परराष्ट्र खात्यात रुजू झाला, आणि १९२९ मध्ये देशाचा कायम प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला आला. थोडक्यात, हा राजघराण्यातला किंवा मोठ्या विद्यापीठातला मुत्सद्दी नव्हे. बातमीदार होता. ते पुढे उपयोगी पडलं.

जाता जाता एक गोष्ट. त्या सभागृहात भारतही होता. पारतंत्र्यात असूनही आपण राष्ट्रसंघाचे मूळ सभासद होतो आणि वर्गणी भरत होतो, बऱ्याच स्वतंत्र देशांपेक्षा जास्त. १९३७ मध्ये तर आगाखान तिथल्या महासभेचे अध्यक्ष होते. हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. सर, हा प्रश्न कधी आला नाही म्हणून तुम्ही शिकवलं नाहीत, तुमचा दोष नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्राकाठच्या डान्झिग बंदराचा तंटा झाला. वस्ती जवळजवळ सगळी जर्मन, पण समुद्राला वाट हवी पोलंडला. तोडगा काढला तो असा : शहर कोणाचंच नाही, 'मुक्त शहर'. त्याला स्वतःची घटना, स्वतःचं विधिमंडळ. परराष्ट्र व्यवहार आणि जकात पोलंडशी जोडलेली. आणि घटना पाळली जाते की नाही हे बघायला राष्ट्रसंघाचा एक उच्चायुक्त. चार लाखांच्या आसपास वस्ती आणि त्यांच्या घटनेची हमी घेणारा हा एक परका माणूस. जानेवारी १९३४ मध्ये त्या खुर्चीवर लेस्टर बसला. त्याच्या आधीच, मे १९३३ च्या निवडणुकीत, नाझी पक्षाला डान्झिगमध्ये निम्म्याहून थोडी जास्त मतं मिळून सत्ता आली होती.

उच्चायुक्ताच्या हातात काय होतं? तक्रारी घेणं, पत्र लिहिणं, अहवाल लिहिणं, आणि तो जिनिव्हाच्या परिषदेकडे पाठवणं. बस्स. मी वाचताना हसले, कारण हे आमचंच काम. आमच्याही हातात लेखणी असते, दंडुका नसतो. अर्धसमास पत्र द्यायचं, खुलासा मागवायचा, आक्षेप लिहायचा. वसुली करायची की नाही, ते दुसरे ठरवणार. 'राष्ट्रसंघाजवळ स्वतःचे सैन्य नव्हते' याचा अर्थ मला तिथे पहिल्यांदा नीट कळला. एक माणूस टेबलाशी बसलेला आहे, समोर मार खाऊन आलेला विरोधी पक्षाचा कार्यकर्ता आहे, दुकान फोडलेला ज्यू व्यापारी आहे, बंद पाडलेल्या वर्तमानपत्राचा संपादक आहे, आणि याच्याजवळ आहे फक्त कागद.

पण त्याने कागद नीट लिहिले. १९३५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी पुन्हा निवडणूक घेतली, दोन-तृतीयांश बहुमत मिळवून घटनाच बदलायची म्हणून. गुंडगिरी भरपूर झाली, तरी तेवढं बहुमत मिळालं नाही. मग ऑगस्टमध्ये त्यांनी फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. ती दुरुस्ती अशी की एखादं कृत्य कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं नसलं, तरी 'निकोप लोकभावने'नुसार ते शिक्षेस पात्र वाटलं तर न्यायाधीशाने शिक्षा द्यावी! प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेलं, आणि ४ डिसेंबर १९३५ ला न्यायालयाने मत दिलं की ही दुरुस्ती डान्झिगच्या घटनेशी विसंगत आहे. कारण माणसाला आपण करतोय तो गुन्हा आहे की नाही, हे आधी कळायला हवं. आज वाचताना हे साधं वाटतं. बर्लिनमध्ये तेव्हा तोच कायदा लागू होता आणि त्याला विसंगत म्हणणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

पुढे जून १९३६. 'लाइप्झिग' नावाची जर्मन युद्धनौका डान्झिगला आली. शिष्टाचार असा की नौकेच्या कप्तानाने उच्चायुक्ताची भेट घ्यायची. बर्लिनहून हुकूम आला, जायचं नाही. कप्तान बाकी सगळ्यांना भेटला, याला सोडून. त्याच दिवसांत तिथला नाझी पुढारी आल्बेर्ट फोर्स्टर याने वर्तमानपत्रात लेस्टरवर तोफ डागली. घराभोवती पोलिसांचा पहारा, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी. ज्याच्याकडे लोक तक्रार घेऊन यायचे त्याच्या दारात पोलीस उभे केले, की तक्रारी आपोआप बंद होतात. ही युक्ती आपल्यालाही अनोळखी नाही.

४ जुलै १९३६ ला जिनिव्हात परिषदेपुढे हा विषय निघाला. तो आठवडा डोळ्यांसमोर आणा. ३० जूनला इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी याच संस्थेपुढे उभा राहून न्याय मागून गेला होता. ३ जुलैला श्टेफान लुक्स नावाच्या ज्यू पत्रकाराने, जर्मनीतल्या ज्यूंकडे जगाचं लक्ष वेधावं म्हणून, भर सभागृहात स्वतःवर गोळी झाडून घेतली. आणि दुसऱ्या दिवशी डान्झिगच्या सिनेटचा अध्यक्ष आर्थर ग्रायझर बोलायला उभा राहिला. त्याने सुनावलं की हा उच्चायुक्त काढून टाका, नाहीतर आमच्या अंतर्गत कारभारात त्याने तोंड घालू नये. खुर्चीवर ब्रिटनचे अँथनी ईडन होते. भाषण संपवून जाताना पत्रकारांच्या कक्षात हशा झाला, तेव्हा या अध्यक्षमहाशयांनी तिकडे वळून नाकाला अंगठा लावून बोटं हलवली. शाळेत आपण करायचो, अगदी तसं. आपल्याला बाईंनी त्यासाठी वर्गाबाहेर उभं केलं असतं. तिथे त्याला कोणी काही म्हणालं नाही.

आणि लेस्टरचं काय झालं? बढती देऊन बदली! सरकारी नोकरीतल्या मंडळींना हे वाक्य लगेच समजेल. १९३७ च्या सुरुवातीला त्याला राष्ट्रसंघाचा उपमहासचिव करून जिनिव्हाला आणलं. मान राहिला आणि अडचणही दूर झाली. ब्रिटन आणि फ्रान्सला डान्झिगवरून जर्मनीशी भांडण नको होतं. पोलंडलाही त्या वेळी जर्मनीशी जुळवून घ्यायचं होतं. या सगळ्यांना लेस्टरचे अहवाल खोटे वाटत नव्हते. नकोसे वाटत होते.

इथे मला स्वतःचं एक सांगायचं आहे. ठरवून आले आहे, तर सांगूनच टाकते.

नोकरीला सात-आठ वर्षं झाली होती. एका तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयाची तपासणी होती. शाळकरी मुलांसाठी आलेल्या धान्याची साठा नोंदवही बघत होते. आवक होती, वाटप नव्हतं. तीन महिन्यांचं वाटप कुठेच नोंदलेलं नाही, आणि गोदाम रिकामं. मी आक्षेप लिहिला : 'वाटपाची नोंद आढळली नाही, साठा उपलब्ध नाही, जबाबदारी निश्चित करावी.' संध्याकाळी वरिष्ठांनी बोलावलं. चहा पाजला. म्हणाले, मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण जरा मवाळ लिहा. मुलगा लहान आहे ना तुमचा? बदली कुठे व्हावी असं वाटतं? एवढंच. आवाजही चढवला नाही. मी अंतिम अहवालात लिहिलं : 'साठा नोंदवही अद्ययावत ठेवण्याची दक्षता घ्यावी.'

पुढच्या वर्षीच्या तपासणीत दुसऱ्या कोणीतरी माझं ते वाक्य वाचलं असणार, आणि नोंदवही अद्ययावत आहे म्हणून पूर्तता मान्य केली असणार. धान्य कुठे गेलं ते आता कोणालाही कळणार नाही, कारण ज्या एका कागदावर ते लिहिलेलं असायला हवं होतं, तो कागद मीच बदलला. म्हणून लेस्टरचे अहवाल वाचताना मी नुसती इतिहास वाचत नव्हते. त्याला चहा पाजून मवाळ लिहायला सांगणारे तर परराष्ट्रमंत्री होते.

आता त्याच्या खासगी कागदांविषयी. सरकारी अहवालांखेरीज तो डान्झिगपासून स्वतःची दैनंदिनी लिहीत असे. ती कुटुंबाने जपली आणि पुढे अभिलेखागाराकडे दिली. जिनिव्हात आहे, डब्लिनच्या विद्यापीठातही त्याचे कागद आहेत. त्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे १९४० च्या उन्हाळ्याचा.

तेव्हा महासचिव होते फ्रान्सचे जोझेफ आव्हनोल. मुळात अर्थखात्यातले गृहस्थ. जूनमध्ये फ्रान्स पडला. राष्ट्रसंघाच्या नोकरांनी १९३२ पासून लेखी प्रतिज्ञा केलेली असे, की आम्ही आमच्या मायदेशाच्या सरकारकडून आदेश घेणार नाही, निष्ठा फक्त संघाशी. आणि महासचिव स्वतःच व्हिशीच्या पेताँ सरकारला पत्रं लिहून निष्ठा कळवू लागले. नोकर कमी करणं चालूच होतं. बंद दारांआड जिनिव्हात काय चाललं होतं, हे आज आपल्याला कळतं ते बरंचसं लेस्टरच्या दैनंदिनीमुळे. कोण कोणाला काय म्हणालं, कोण कोणत्या दाराने गेलं, बातमीदाराच्या सवयीने टिपलेलं आहे. अखेर आव्हनोल यांनी राजीनामा दिला, आणि १९४० च्या ऑगस्टअखेर कार्यभार लेस्टरकडे आला.

ऑडिटर म्हणून एक सावधगिरीची सूचना. दैनंदिनी म्हणजे एका पक्षाचं म्हणणं. लेस्टरला आव्हनोल आवडत नव्हते आणि ते पानोपानी जाणवतं. एका बाजूच्या व्हाउचरवर हिशेब बंद करू नये. पण इथे आव्हनोल यांचा राजीनामा आणि त्यांच्या हालचाली यांची इतर कागदपत्रंही आहेत, आणि ताळा बराचसा जुळतो.

कार्यभार घेऊन मिळालं काय? एक प्रचंड रिकामा महाल. एके काळी सातशेच्या घरात कर्मचारी होते, आता शंभरेक. अर्थविषयक विभाग अमेरिकेत प्रिन्स्टनला गेलेला, मजूर संघटना कॅनडात माँट्रियलला, अफूच्या व्यापारावर देखरेख करणारे वॉशिंग्टनला. कोळसा वाचवायला उरलेली मंडळी ग्रंथालयाच्या भागात येऊन बसली. चारही बाजूंना जर्मनी, इटली आणि पडलेला फ्रान्स. स्विस सरकारलाही हा पाहुणा अडचणीचा. त्याच शरद ऋतूत लेस्टर हिशेब-समितीच्या बैठकीसाठी लिस्बनला निघाला, तर स्पेनच्या सरहद्दीवरून त्याला परत पाठवलं. बायको आणि तीन मुली आयर्लंडमध्ये. युद्ध उतरणीला लागेपर्यंत त्यांची भेट नाही.

मग हा तिथे करत काय होता? दरवर्षी अंदाजपत्रक करत होता! युद्धभर. समिती समुद्रापलीकडे बसायची, हा आकडे पाठवायचा, ती मंजूर करायची. सभासदांना वर्गणीची आठवण द्यायची. तीन देशांत विखुरलेल्या विभागांचे पगार, निवृत्तिवेतन. ग्रंथालय उघडं ठेवायचं. दप्तर कोरडं ठेवायचं. याला कोणी पराक्रम म्हणणार नाही. मला हे सगळ्यांत जास्त भावलं, आणि मला माहीत आहे की इथल्या निदान चार-पाच जणांना भावेल. बंद पडत चाललेली संस्था, सूतगिरणी, सहकारी बँक, मराठी शाळा, शेवटपर्यंत नीट सांभाळण्याचं काम तुमच्यापैकी काहींनी केलेलं आहे. टाळं लागायच्या दिवसापर्यंत रोजकीर्द लिहिलेली असणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला नवा संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन करायची परिषद भरली. लेस्टर जुन्या संघाच्या वतीने दोन सहकाऱ्यांसह गेला. त्यांना बसायला जागा मिळाली ती वर गॅलरीत, प्रेक्षकांसारखी. नव्या लग्नात जुन्या घरच्यांना जशी वागणूक मिळते तशी.

एप्रिल १९४६ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाची शेवटची महासभा झाली. १८ तारखेला तिने स्वतःचं विसर्जन केलं. इमारत, ग्रंथालय, दप्तर, चालू असलेली कामं, सगळं यादी करून संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवाली केलं. त्याच सभेत एक ठराव झाला : १९४० पासून कार्यकारी महासचिव म्हणून काम पाहणाऱ्या लेस्टर यांना त्या दिवसापासूनच महासचिव मानावं. म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने नियमित! सहा वर्षं अतिरिक्त कार्यभार सांभाळून शेवटच्या दिवशी पद मिळालेला अधिकारी मी तरी दुसरा ऐकलेला नाही. आपल्याकडे तर ते निवृत्तीनंतर मिळतं.

आणि नाकाला अंगठा लावणारे ग्रायझर? युद्धात ते पश्चिम पोलंडच्या व्यापलेल्या प्रांताचे सर्वेसर्वा होते. तिथे ज्यूंचं आणि पोलिश लोकांचं काय झालं ते इथे जेवणाआधी सांगत नाही. त्यांच्यावर पोलंडमध्ये खटला चालला आणि २१ जुलै १९४६ ला पोझनान शहरात जाहीर फाशी झाली. राष्ट्रसंघ विसर्जित होऊन तीन महिने झाले होते, आणि जिनिव्हाच्या त्या भाषणाला दहा वर्षं आणि सतरा दिवस.

लेस्टरने १९४७ पर्यंत उरलेसुरले हिशेब मिटवले आणि आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमारा भागात रिसेस नावाच्या गावी जाऊन राहिला. तिथे तळी आणि ओढे खूप, त्याला मासेमारीचा नाद होता. १९५९ मध्ये वारला. त्या शहराचं नाव आता ग्दान्स्क. २०१० मध्ये तिथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीतल्या एका दालनाला त्याचं नाव दिलं.

सर, त्या उत्तराला तुम्ही मला सहापैकी पाच गुण दिले होते. एक का कापला ते मी तेव्हा विचारलं नाही. जेवणाची पानं मांडायला अजून दहा मिनिटं आहेत असं संयोजक खुणावत आहेत, तर आता विचारते.